खांद्यावरचा हात

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहून टाकायची रीत आहे, तेव्हा लिहून टाकते. इकडे सगळं ठीक आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतो आणि चौथ्याला तू म्हणतोस, "बरं, ठेवतो." कागदाला तसं म्हणता येत नाही. शिवाय फोन आईच्या खोलीत. तिच्यासमोर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला बातम्या वाचल्यासारखं बोलावं लागतं.

तर बातमी. मी टीव्हीवर येणार आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. घरच्या घरी बनवलेल्या यंत्रांची ती स्पर्धा असते ना, रविवारी सकाळी, त्यात माझं यंत्र घेतलंय. अर्ज मी केला नाही. समोरच्या शिंपीणकाकूंनी केला. यंत्राने आईला पलंगावरून वर घेताना त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं, ते परस्पर पाठवून दिलं. मी म्हटलं, "काकू, मला सांगायचं तरी." त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मला तुझं ऐकावं लागलं असतं." 

तू यंत्र पाहिलेलं नाहीस, म्हणून थोडं सांगते.

तू गेलास त्या दिवशी जिन्यात उभा राहून म्हणाला होतास, "दोघांशिवाय आई उचलली जात नाही. हट्ट सोड." तुझ्या नव्या गावातल्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक तुझ्या हातात होतं. गुळगुळीत कागद, वर झाडांचे फोटो. मी म्हटलं, "बघू." खाली पोचल्यावर तू वर न बघता म्हणालास, "गरज लागली तर कळव." मी म्हटलं, "लागणार नाही." तुला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. शेजारच्या दुकानात ग्राइंडर चालू होता.

त्यानंतरचे काही आठवडे मी आणि शिंपीणकाकू मिळून आईला उचलत होतो. काकूंची कंबर धरली. मग मी यंत्राला लागले.

बाबांचं शटरदुरुस्तीचं दुकान मी हाती घेतलं तेव्हा तूच म्हणाला होतास, ताई माणसांपेक्षा लोखंडाशी बरं बोलते. तर लोखंडाशी बोलले. शटर केवढं जड असतं, पण आपण ते एका हाताने उघडतो. कारण वरच्या नळीतल्या स्प्रिंगला आधीच पीळ देऊन ठेवलेला असतो. जेवढं शटरचं वजन, तेवढाच पीळ. नीट जमलं तर शटर अर्ध्यावर सोडलं तरी तिथंच थांबतं. पीळ कमी पडला तर खाली येतं. जास्त झाला तर हात न लावता वर पळतं.

मी आईला शटर धरलं.

"मी काय शटर आहे?" ती म्हणाली.

"हो. आवाजही तेवढाच करतेस."

पलंगावर पाइपांची चौकट, तिच्या आडव्या पाइपात शटरची स्प्रिंग, स्प्रिंगवर दोरी गुंडाळायचा रोळ, दोरीला झोळी. झोळी शिंपीणकाकूंनी शिवली, तंबूच्या कापडाची, काठाला दुहेरी शिवण. एक अडचण होती. शटर वर जाताना गुंडाळलं जातं, तसं हलकं होत जातं. माणूस होत नाही, आणि स्प्रिंगचा जोर तर वर जाताना कमी होतो. म्हणून दोरीचा रोळ एका टोकाला निमुळता केला. त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पण आता मी एक बोट लावलं की आई वर येते आणि चौकट चाकांवर सरकवली की खुर्चीवर उतरते.

यंत्र अडवून धरणारा खटका तिच्या हातात दिलाय. तू उचलायच्या आधी "निघायचं?" असं विचारायचास आणि ती हो म्हणेपर्यंत थांबायचास. मी थांबत नसे, याच्यावरून तिची माझी रोज कटकट. यंत्राला विचारता येत नाही. म्हणून ती स्वतः खटका सोडते, तेव्हाच ते निघतं.

वर गेली की म्हणते, "दुकान उघडलं." खाली टेकली की, "दुकान बंद." रोज. मला आता हसू येत नाही, पण एखाद्या दिवशी म्हणायची राहिली तर चुकल्यासारखं होतं.

माझा एक हात तिच्या खांद्यावर असतो. सवय लागलीय.

हल्ली वर जाताना यंत्र आपणहून जराशी ओढ घेतं. एकदा पीळ थोडा काढला, पुन्हा तसंच झालं. दोरी नवी आहे, त्याने असेल. आता कार्यक्रम होईपर्यंत हात लावणार नाही. चालत्या यंत्राला ऐन वेळी छेडू नये असं बाबा म्हणायचे.

अर्जात यंत्राचं नाव विचारलं होतं. काकूंनी ती जागा रिकामी सोडली, कारण घरातलं नाव सांगण्यासारखं नाही. घरात त्याला ढब्बू म्हणतात. मी ठेवलेलं नाही. पहिल्या दिवशी वर गेल्यावर आई म्हणाली, "ढब्बू उचलायचा अगदी तसं वाटलं." तेव्हापासून "ढब्बूला आण", "ढब्बूला सरकव". राग मानू नकोस. मानलास तर तिच्यावर मान.

आता मुद्दा. चित्रीकरण पुढच्या महिन्यात आहे, तारीख पानाच्या मागे लिहिली आहे. घरची दोन माणसं पुढच्या रांगेत बसू शकतात. एक शिंपीणकाकू. दुसरी खुर्ची तुझी असं आईने ठरवलंय. तू येशील का असं ती विचारत नाही. "त्याला कडेची दे, त्याचे पाय मावत नाहीत," असं म्हणते.

तू यावंस असं तिला वाटतं. मी कळवलं.

तुझी,
ताई


१९ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक.

तुला यायला जमलं नाही. आदल्या दिवशी का होईना, कळवलंस. तुझ्या खुर्चीवर शिंपीणकाकूंनी पिशवी ठेवली. एक बाई येऊन म्हणाली, "इथे कोणी बसलंय का?" काकू म्हणाल्या, "पिशवी बसलीय. दिसत नाही?"

 आईने एकदा त्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं, पाय अवघडले असते त्याचे."

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे तुला आल्यासारखं होईल.

स्टुडिओ म्हणजे बाहेरून गोदाम आणि आतून फ्रिज. टीव्हीवर जी भिंत दिसते ती प्लायवूडची आहे, मागून साध्या बांबूच्या टेकूवर उभी. मी तिचे खिळे तपासून पाहिले. एक माणूस माझ्या मागेमागे फिरत होता, हात लावू नका म्हणत.

यंत्रं एकेक पाहण्यासारखी होती. एका न्हाव्याने आरसा केला होता, गिऱ्हाईक बोललं की त्यावर वाफ धरते. म्हणजे गिऱ्हाईक स्वतःलाच दिसेनासं होऊन गप्प बसतं. एका मास्तरीणबाईंचं लसूण सोलायचं यंत्र. लसूण छान सोललं जायचं, फक्त सगळ्या पाकळ्या परीक्षकांच्या दिशेने उडायच्या. आणि एक निवृत्त बसकंडक्टर. त्यांची सीट. झोपलेल्या प्रवाशाचा थांबा आला की ती त्याला दंडाला धरून हलवते, अगदी कंडक्टर हलवतो तसं. मी बसून पाहिलं. दचकून उठून उभीच राहिले.

आईला मेकअप करणारी मुलगी म्हणाली, "आजी, गाल जरा भरून काढते हं." आई म्हणाली, "काढ बाई, फुकट आहे तोवर." मग वर दोन शाली. स्टुडिओत गारठा होता म्हणून. आरशात बघून ती म्हणाली, "मी तर लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय. माझ्याच."

मग दिग्दर्शक आला. तिशीचा असेल, कानाला हेडफोन, हातात कागद. "ताई, मी तुमची गोष्ट वाचली. फार भिडली. तुमचा भाऊ आईला टाकून गेला—"

"टाकून नाही. नोकरीला गेला."

"हो, म्हणजे तेच. ते तुम्ही जरा थांबत थांबत सांगा."

"तेच नाही ते. नोकरीला लोक जातात. यात थांबण्यासारखं काही नाही."

त्याने कागदावर काहीतरी खोडलं. मग म्हणाला, नावाची जागा रिकामी होती म्हणून आम्ही एक सुचवलंय, 'मातृ-उद्वाहक'. आईने ते नाव तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.

रंगीत तालीम झाली. मी नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला, आईने खटका सोडला, मी बोट लावलं, ती वर आली. ठीक झालं. पण दिग्दर्शक म्हणाला, "ताई, तुमच्या हातामुळे आजींचा चेहरा झाकला जातोय. तो हात काढा ना."

मी म्हटलं, "तो हात लागतो."

"कशाला? यंत्र एका बोटावर चालतं असं तुम्हीच लिहिलंय."

ते काकूंनी लिहिलं होतं. पण खरं होतं.  आई माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं.

तेव्हा पीळ काढायला वेळ होता. पिशवीत पाना होता. मी पाना हातात घेतला आणि परत ठेवला.

मुख्य चित्रीकरण. दिवे एवढे की समोरची माणसं दिसत नव्हती. निवेदिकेने विचारलं, ही कल्पना सुचली कशी? मी म्हटलं, "घरातलं एक माणूस कमी झालं, म्हणून त्याच्या जागी काहीतरी बसवावं लागलं." ती म्हणाली, "अरेरे, कोण वारलं?" आई झोळीतून म्हणाली, "कोणी नाही. धडधाकट आहे. आणि याचं नाव ते उद्वाह-बिद्वाह नाही. याचं नाव ढब्बू." लोक हसले. निवेदिका म्हणाली, "ढब्बू का हो आजी?" आई म्हणाली, "माझ्या मुलाचं नाव आहे. तोही न बोलता उचलायचा." मग म्हणाली, "नाही, एक शब्द बोलायचा." कोणता, ते निवेदिकेने विचारलं नाही. तिच्या कानात पुढचं चला म्हणून सांगत होते.

मी हात मागे घेतला. आईने खटका सोडला.

माझं बोट लागायच्या आधीच ती वर गेली.

हळू गेली. उडाली वगैरे नाही, घाबरू नकोस. पण थांबेना. सरळ, शांतपणे, कोणी हात न लावता वर जात राहिली आणि चौकटीला टेकून थांबली. शालीची टोकं खाली लोंबत होती.  मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लोकांना वाटलं, यंत्राची हीच करामत. निवेदिका म्हणाली, "बोटही नाही! बोटही लागलं नाही!" शिंपीणकाकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि पिशवी खाली पडली होती.

आई वरून म्हणाली, "दुकान उघडलं." पुन्हा हशा.

मग तिने मान खाली करून माझ्याकडे पाहिलं. माइक लांब होता, कोणाला ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, "पीळ काढायला हवा होतास गं."

इतकी वर्षं शटरवाल्याची बायको होती ती.

निकाल कोणाला सांगायचा नाही अशी त्यांनी सही घेतलीय. बसची सीट पहिली आली. आम्हाला उत्तेजनार्थ एक फ्रेम मिळाली, ती काकूंनी त्यांच्या दुकानात लावली.

सामान बांधताना परीक्षकांपैकी एक बाई मागे आल्या. वयाने माझ्याएवढ्याच. पुलांचं काम बघतात म्हणे. तो निमुळता रोळ त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला, बराच वेळ. म्हणाल्या, "हे सुंदर केलंय." मग म्हणाल्या, "आईंना हे बसवलं तेव्हा बरोबर तोललं होतं ना?"

मी म्हटलं, "अगदी. अर्ध्यावर थांबायची."

"आणि नंतर स्प्रिंग बदलली?"

"नाही. दोरी बदलली. त्यामुळे असेल."

त्यांनी रोळ खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "स्प्रिंग जुनी होते तशी सैल पडते. घट्ट होत नाही. तुम्हाला ते माझ्याहून जास्त माहीत असणार."

मी म्हटलं, "हो."

मग आम्ही दोघींनी मिळून दोरी गुंडाळली.

एवढंच. कार्यक्रम पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी लागेल. बघ. आईला उद्या डॉक्टरकडे न्यायचंय, नेहमीचंच.

तुझी,
ताई


१० एप्रिल

ढब्बू,

तुझा संदेश मिळाला. "ताई, यंत्र भारी! आई पिसासारखी वर गेली. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. पत्रही वाचलं, मजा आली. नाव तेवढं बदल." मी तो आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नाव बदलणार नाही म्हणावं."

मजा आली असं तू लिहिलंस. तुझी चूक नाही. मी ते मजेतच लिहिलं होतं.

कार्यक्रम आम्हीही पाहिला, शिंपीणकाकूंकडे, त्यांचा टीव्ही मोठा आहे म्हणून. त्यांनी तो क्षण तीन वेळा दाखवला, तिसऱ्यांदा सावकाश, बासरी लावून. आई त्यात खरंच चांगली दिसते. गाल भरलेले, दोन शाली. काकू म्हणाल्या, "देवीसारखी वर गेली बाई." आईने विचारलं, "मी एवढी जाड दिसते?" तिथे जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय ठेवून बसले होते, तो हलत राहिला.

इकडे सगळं ठीक आहे असं मी या वेळी वर लिहिलेलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. आता क्रमाने लिहिते.

यंत्राची ओढ दोरीमुळे नव्हती. मला ते हिवाळ्यातच कळलं होतं. मी पीळ काढला, एकदाच नाही, बऱ्याचदा. थोडा काढायचा, आठवडाभर बरं चालायचं, की पुन्हा ओढ. शटरचं काम करणाऱ्या माणसाला यातून काय समजायचं ते एका फेरीतच समजतं. मी मात्र एके दिवशी पाना ठेवून दिला. पीळ काढला की आई हलकी झाली हे मीच माझ्या हाताने मान्य करते, असं वाटायला लागलं होतं. पीळ तसाच ठेवला की ती अजून पहिल्याएवढीच होती. निदान यंत्रापुरती.

खांद्यावरचा हात सवयीचा नव्हता. तो तिला खाली धरत होता.

तिला ते माहीत होतं. आता विचारलं तर म्हणते, "मग काय, कळत नाही होय? आधी हात नुसता असायचा. मग दाबायला लागलीस." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" म्हणाली, "मला वाटलं, तुला कळलेलं नाही."

म्हणजे आम्ही दोघी रोज सकाळी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. ती खटका सोडायची आणि मी दाबायचे.

व्हिडिओ कॉलवर ती तुला फक्त कपाळ दाखवते, त्याचंही कारण हेच, बसलेले गाल दिसू नयेत. फोन धरता येत नाही म्हणून नाही. चांगला धरता येतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. पोटात गाठ आहे आणि पसरलीय. या वयात आणि अशा पायांनी कापाकापी नको, त्रास वाढेल, असं त्यांचं म्हणणं. मी दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही तेच म्हणाले, जरा जास्त वेळ घेऊन. औषधं आहेत, दुखत नाही. किती दिवस, ते कोणी सांगत नाही आणि मी विचारलं नाही. आईने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, उन्हाळा बघू." आई म्हणाली, "बघू म्हणजे काय, तो तर आलाच."

घाबरून फोन करू नकोस. ती शांत आहे. सकाळी खिडकीशी बसवते. समोरच्या दुकानांची शटरं उघडताना बघते आणि कुठल्या शटरला तेल हवं ते मला आवाजावरून सांगते. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे तिने सांगितलं म्हणून मी जाऊन तेल घालून आले. तो म्हणाला, मी तर बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, वरून आदेश आहे.

जेवण थोडं. झोप पुष्कळ. बोलणं पूर्वीइतकंच.

यंत्र मी काढून भिंतीला लावून ठेवलंय. मागच्या आठवड्यात शेवटचा पीळ काढला तेव्हा स्प्रिंगमध्ये काढण्यासारखं फार उरलं नव्हतं. मग मला वाटलं, कशाला. मी वाकले, एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि ती आली. एवढंच. मी उभी राहिले तिला घेऊन आणि काय करावं ते कळेना, एवढं सोपं झालं. ती म्हणाली, "आता खुर्चीवर ठेवणार आहेस की वरात काढतेस?"

आपण दोघं उचलायचो ते आठवतं? तू डोक्याकडे, मी पायांकडे, आणि तरी तुझ्या मानेच्या शिरा फुगायच्या. तू जिन्यात म्हणालास ते तेव्हा खरं होतं. दोघांशिवाय ती उचलली जात नव्हती. मी यंत्र बनवलं, कारण मला ते खोटं करून दाखवायचं होतं. तू कधीतरी येशील, बघशील, आणि मी एक बोट लावून दाखवीन. एवढ्यासाठी तो रोळ मी इतका घासून निमुळता केला. पुलांचं काम बघणाऱ्या बाईंना तो सुंदर वाटला. तुला दाखवायचा होता.

वृद्धाश्रमाचं ते माहितीपत्रक अजून आहे. तू ते जिन्याच्या कठड्यावर ठेवून गेलास. आईने त्यातली झाडं कापून आरशाला लावली आहेत. तिने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही, ना तेव्हा, ना नंतर. माझ्याविरुद्ध काढते, पण ते मी समोर असते म्हणून.

आता उचलायला दोन माणसं लागत नाहीत. यंत्रही लागत नाही. काल शिंपीणकाकूंनी सहज उचललं, कंबर धरल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हा तू येऊन काही करण्यासारखं आहे असं नाही. हे मी आधीच सांगते, म्हणजे तू कामाला लागायच्या तयारीने येऊ नकोस.

फक्त एक आहे. उचलताना मी तिला तुझ्यासारखं विचारायचा प्रयत्न करते. "निघायचं?" म्हणते. ती म्हणते, "तुझ्या तोंडी ते हुकूम वाटतो. तू आपलं नुसतं उचल." मग मी नुसतं उचलते. ती डोळे मिटून घेते आणि जराशी थांबते, कोणीतरी विचारावं म्हणून. मी तेवढं थांबायला शिकले आहे. पण विचारायला कोणी नसतं.

तुझी खोली तशीच आहे. तुझ्या बाजूची खिडकी अडकते, ती ठीक करून ठेवते. शटर अर्ध्यावर उघडं असेल, खालून वाकून ये, डोकं सांभाळ. ढब्बू आला म्हटलं की ती आधी भिंतीकडे बघेल. मग कळेल तिला.

गरज लागली तर कळव, असं तू म्हणाला होतास.

कळवते आहे.

ताई